होड्या बुडत नाहीत, कलंडतात : आठवीच्या वर्गात होडी करून घेताना

मॅडम, तुमचा प्रश्न असा की आठवीचा वर्ग, ४२ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, 'बल व दाब' शिकवताना फळ्यावरच्या आकृतीऐवजी मुलांकडून होडी करून घ्यायची आहे, पण गेल्या वर्षी निम्म्या होड्या घरूनच तयार होऊन आल्या आणि पाण्यात टाकल्या टाकल्या आडव्या पडल्या, तर आता कुठून सुरुवात करू. मी रायगड जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या शाळेत वीसेक वर्षं हेच करतोय आणि पहिली दोन-तीन वर्षं माझंही अगदी असंच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

माझी पहिली फजिती सांगतो. स्पर्धा ठेवली, सुंदर होडी आणा म्हणालो. आल्या की! एकीला शीड, डोलकाठी, झेंडा, वर पताका, कोणाच्या मामाने सुतारकाम केलेलं स्पष्ट दिसत होतं. मोठ्या टबात मुख्याध्यापकांच्या हस्ते सोडली आणि दोन सेकंदात झेंड्यासकट उलटी. पोरं हसली, ज्याची होडी होती तो रडला, आणि मी घाईघाईने 'आर्किमिडीजचं तत्त्व' (वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाच्या जोराने पाणी तिला वर ढकलतं) सांगायला लागलो, ज्याचा त्या उलटण्याशी फारसा संबंधच नव्हता. कारण ती होडी बुडाली नव्हती, तरंगतच होती, फक्त उलटी. आर्किमिडीज तिथे शंभर टक्के पास झाला होता. हे मला घरी गेल्यावर रात्री कळलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पुस्तकात फक्त तरंगणं आणि बुडणं आहे, पण मुलांच्या दहातल्या आठ होड्या बुडत नाहीत, कलंडतात, आणि ते आपण शिकवतच नाही. म्हणून मी दोन भाग करतो, आधी किती वजन पेलेल ते आणि मग सरळ उभी राहील का ते. दोन्हीत नियम एकच, पाण्यात टाकण्याआधी अंदाज लिहायचा.

पहिला भाग अॅल्युमिनियम फॉइलचा. पोळ्या गुंडाळायची साधी फॉइल, प्रत्येक गटाला बरोबर २० बाय २० सेमीचा तुकडा, चिकटपट्टी नाही, कात्री नाही, फक्त कडा वर दुमडून चौकोनी डबी करायची. ४२ मुलांचे पाच-सहा जणांचे आठ गट होतात. कडा किती उंच घ्यायची ते गटाने ठरवायचं, आणि इथेच गंमत आहे. १ सेमी कडा घेतली तर तळ १८ बाय १८, घनफळ ३२४ घन सेमी. २ घेतली तर ५१२. ३ घेतली तर ५८८. ४ ला ५७६ आणि ५ ला परत खाली ५००. पोरांना वाटत असतं की कडा जितकी उंच तितकी होडी भारी, हा तक्ता त्यांनी स्वतः वहीत मांडला की तोंडं बघण्यासारखी होतात, आणि गणिताच्या सरांना बोलावलंत तर ते सव्वातीनच्या आसपास कुठे सगळ्यात जास्त येतं त्यावर अर्धा तास सहज रंगवतील.

आता १ घन सेमी पाण्याचं वजन १ ग्रॅम, म्हणजे ५८८ घन सेमीची डबी काठोकाठ दाबली तर ५८८ ग्रॅम पाणी बाजूला सारणार, तेवढंच वजन ती पेलणार, त्यात तिचं स्वतःचं वजन सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, ते सोडून द्या. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात फॉइल फुगते, कोपरे ढिले असतात, एका बाजूने पाणी आत येतं आणि निम्म्यावरच खेळ संपतो. हा जो कागद आणि टब यातला फरक आहे ना, तो का पडला हे मुलांना लिहायला लावायचं. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त विज्ञान त्या चार ओळींत असतं.

वजनाला नाणी वापरू नका. मी वापरली आणि फसलो. एक रुपयाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅम, २०१९ च्या मालिकेतलं ३.०९, आणि त्याआधीची जी जड नाणी अजून फिरतात ती ४.८५, म्हणजे एका गटाची ६० नाणी आणि दुसऱ्या गटाची ६० नाणी यात चांगला शंभर ग्रॅमचा फरक पडू शकतो, आणि पोरं नाण्यांवरून भांडतात ते वेगळंच. हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे लोखंडी वॉशर किलोवर आणा, दहा एकत्र वजन करून एकाचं वजन काढा (हाही एक छोटा प्रयोगच झाला), आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एखादा सहकाऱ्यांकडून मागून आणा.

अंदाज लिहायचा म्हणजे काय, तर रेघ मारायची. डबीच्या आतलं तळाचं क्षेत्रफळ माहीत आहे, समजा १४ बाय १४ म्हणजे १९६. आपण ३०० ग्रॅम वॉशर ठेवणार. ३०० भागिले १९६, म्हणजे होडी दीड सेमी आत जाणार. बाहेरून तळापासून दीड सेमीवर सीडी मार्करने रेघ मारा, मग वॉशर ठेवा. पाणी रेघेला टेकलं की वर्ग असा ओरडतो की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. ते ओरडणं मला प्लावक बलाच्या (पाणी वर ढकलतं त्या बलाच्या) व्याख्येपेक्षा जास्त पटतं, आणि व्याख्या मग आपोआप येते, मी ती शेवटी लिहून देतो.

मोठ्या जहाजांच्या बाजूला अशीच रेघ असते, ती प्लिम्सॉल रेषा. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाचे ब्रिटिश खासदार होते, मालक जहाजं नको तितकी भरतात आणि खलाशी मरतात म्हणून त्यांनी संसदेत धरणं धरल्यासारखं केलं आणि १८७६ च्या कायद्याने ती रेघ आली. त्यात गोड्या पाण्याची खूण खाऱ्याच्या वर असते, कारण समुद्राचं पाणी साधारण १.०२५ पट जड, गोड्यात तेच जहाज जास्त खाली बसतं. हे वर्गात दाखवायला जाल तर एक सूचना, लिटरला चमचाभर मीठ टाकून काही दिसत नाही. ४ सेमी बुडलेली होडी समुद्राच्या पाण्यात जेमतेम १ मिमी वर येते, मुलांना ते दिसत नाही आणि मग ती उगाच 'हो सर, आली वर' म्हणतात, जे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. मीठ विरघळायचं थांबेल इतकं घाला, घनता १.२ च्या आसपास जाते आणि तीच होडी सात मिमी वर येते. आता खरंच दिसतं.

बाजूला सारलेलं पाणी गोळा करून मोजायचा प्रयोग पुस्तकात सोपा वाटतो, करताना छळतो. बाटली कापून स्ट्रॉची चोच लावली तर शेवटचे थेंब चोचीला चिकटून राहतात, दोन-तीन मिली असेच जातात आणि ५० ग्रॅमच्या होडीला तेवढी चूक फार. चोच जरा खाली झुकती ठेवा, आधी काठोकाठ भरून ठिबकणं पूर्ण थांबू द्या, मगच होडी सोडा. घाई केली की आकडे कधीच जुळत नाहीत.

आता दुसरा भाग, माझा आवडता. टेट्रापॅकचा १ लिटरचा खोका घ्या, दुधाचा किंवा ज्यूसचा, साधारण साडेनऊ बाय साडेसहा सेमी आणि साडेसोळा उंच असतो (तुमचा मोजून घ्या). तो उभा कापून दोन होड्या होतात, पण कापायच्या दोन रीती आहेत. एका रीतीने रुंद आणि उथळ होडी मिळते, साडेनऊ रुंद. दुसऱ्या रीतीने अरुंद आणि खोल, साडेसहा रुंद. दोन्हींचं घनफळ तेच, अर्धा लिटर, म्हणजे पहिल्या भागाच्या हिशोबाने दोघी सारख्याच. वर्गाला विचारा कुठली चांगली, हात वर करून मतं घ्या, फळ्यावर लिहा.

मग दोन्हींत तळाला १५० ग्रॅम वॉशर पसरून चिकटवा (होडीचं वजन त्यातच धरा), मधोमध पतंगाची उभी कामटी लावा आणि तिच्यावर ५० ग्रॅम क्लेचा गोळा. गोळा तळाशी असताना दोघी शहाण्यासारख्या उभ्या. आता गोळा एकेक सेमी वर चढवत जायचा. अरुंद होडी ९-१० सेमीच्या आसपास मान टाकते. रुंद होडी वीसच्या पुढे गेली तरी उभी असते. एकूण वजन तेच, सारलेलं पाणी तेच, मग हे काय झालं?

कारण असं की होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा भाग जास्त पाण्यात जातो आणि पाणी तिकडून जास्त जोराने वर ढकलतं, म्हणजे होडीला परत सरळ करतं. होडी जितकी रुंद तितका हा धक्का लांबून बसतो. हिशोब केला तर वजन आणि लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली की हा सावरण्याचा गुण दुप्पट नाही, चौपट नाही, आठपट होतो, रुंदीचा घन लागतो तिथे. आपल्या खोक्याच्या दोन होड्यांत तो साधारण तिप्पट फरक आहे. आणि गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, जितका वर तितका तो होडीला आडवी करायला बघतो. या दोघांची रस्सीखेच, बस. पियेर बूगे या फ्रेंच माणसाने १७४६ मध्ये हे नीट मांडलं, त्याच्या आधी मोठमोठी जहाजं लोक अनुभवावर आणि देवाच्या भरवशावर बांधत होते. स्वीडनचं वासा हे राजाचं युद्धनौकांमधलं लाडकं जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन कलंडून बुडालं, वर तोफांचा भार, रुंदी कमी. त्याआधी तीस माणसांना डेकवर या बाजूवरून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली होती, तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवली, आणि तरी सोडलं! माझ्या त्या झेंडेवाल्या होडीचं दुःख हे वाचून जरा कमी झालं.

पण आमच्या भागात वासा जहाजाच्या उदाहरणाची गरज नाही. १७ जुलै १९४७, गटारीची अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पावसाळी वादळ, मोठी लाट, बोट एका बाजूला कलली आणि घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले, असं वाचलेल्यांच्या सांगण्यात येतं. आमच्या वर्गात अजूनही एखादं पोर असतं ज्याच्या पणजोबांच्या घरातलं कोणीतरी त्या बोटीवर होतं. म्हणून हे मी हसतखेळत करत नाही. टेट्रापॅकच्या होडीत सुटे वॉशर ठेवतो, चिकटवत नाही, आणि होडी बोटाने जराशी कलवतो. वॉशर घसरत एका कडेला जातात आणि होडी जाते. मग तेच वॉशर खाली चिकटवून परत कलवतो, सरळ येते. कोणी काही बोलत नाही त्या वेळी. धक्क्यावर बोटीत चढताना 'एका बाजूला उभे राहू नका' का ओरडतात ते मुलं घरी जाऊन आईला सांगतात.

सुट्या वॉशरऐवजी होडीत पाणी घालून बघा, अर्धा सेमी पुरे. आत आलेलं पाणी असंच एका बाजूला धावतं. मग मधोमध लांबीच्या दिशेने पुठ्ठ्याची एक उभी भिंत घालून (मेणाने नीट चिकटवून) दोन्ही कप्प्यांत तेवढंच पाणी घाला, त्रास चौथाईवर येतो. जहाजांच्या टाक्यांना मध्ये भिंती का असतात त्याचं एक कारण हे.

एक किस्सा. एकदा भर घालायच्या स्पर्धेत वर्गातला हुशार गट ३०० ला गारद झाला आणि शेवटच्या बाकावरचा कोळीवाड्यातला मुलगा आरामात ४०० च्या पुढे गेला. काय केलंस विचारलं तर म्हणाला, "काय नाय सर, आधी मधी खाली भरायचं, मग दोन्ही टोकांना सारखं, बर्फ तसाच भरतात ना." त्याला नीरम म्हणजे तळाशी घालायचं वजन हा शब्दही माहीत होता, जो मला नव्हता. त्या दिवसापासून त्या तासाला मी विद्यार्थी आणि तो मास्तर.

तुमची शाळा किनाऱ्याजवळ असेल तर एक गोष्ट चुकवू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. आपली शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणजे तुमच्याकडे सहा आठवडे आहेत ज्यात होडीचं बूड जमिनीवरून बघता येतं, एरवी ते पाण्याखालीच. वहीत नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) आकार काढा, मधली रुंदी दोरीने मोजा, लांबीशी तिचं प्रमाण काढा, सुकाणू कुठे बसतं बघा, फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून कशा बंद केल्यात ते बोट लावून बघा. उलांडी लावलेली लहान होडी दिसली तर तिथेच बसून दुसऱ्या भागाचा अर्धा तास घ्या, अरुंद होडीला बाजूला एक ओंडका जोडून रुंदीचं काम कसं भागवलंय ते त्याहून चांगलं कुठे दिसणार. तांडेलांना (होडीवरच्या प्रमुखांना) आधी विचारून जा, आणि चिखलाची चप्पल. नारळी पौर्णिमेनंतर गेलात तर रिकामा किनारा बघून याल.

किनारा नसेल तर काही अडत नाही हो, ओढा, शेततळं, तेही नको, टब पुरे. फक्त कुठल्याही परिस्थितीत वर्गाला खोल पाण्याकाठी नेऊन होड्या सोडू नका, होडी लांब गेली की पोर मागे जातंच.

साहित्याबद्दल विचारलंत. थर्माकोल नको. महाराष्ट्रात २०१८ पासून त्याच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे हा एक भाग, पण माझं खरं भांडण वेगळं आहे, थर्माकोल इतका हलका की त्याचा ठोकळा टाकला तरी तरंगतो, मग आकाराने काय फरक पडतो हे शिकायचं कशाला? लोखंड, क्ले, फॉइल, म्हणजे जे घट्ट ठेचून गोळा केल्यावर बुडतं तेच घ्या. आमच्याकडे सुकलेली नारळाची पोय (फुलोऱ्यावरचं आवरण) मिळते, निसर्गानेच होडी करून ठेवलेली, पण ती आडवी लोळते, तिला सरळ उभी करायला नीरम किती लागेल हा प्रश्न मी दरवर्षी गृहपाठाला देतो. पुठ्ठ्याला वरून मेणबत्ती घासली तर एक तासिका निघते, वितळलेलं मेण ब्रशने लावलं तर आठवडा.

होडी चालवायची असेल तर सगळ्यात स्वस्त कापराची. पातळ पुठ्ठ्याची बोटाएवढी होडी, मागे खाच, खाचेत पूजेच्या कापराचा कण पाण्याला टेकेल असा. कापूर मागच्या पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि पुढचं पाणी होडीला ओढून घेतं. न चालण्याचं कारण शंभरात नव्वद वेळा एकच, परात तेलकट किंवा साबणाची. राखेने घासून, भरपूर पाण्याने धुवा, आणि दर दहा मिनिटांनी पाणी बदला.

जत्रेत मिळते ती दिव्यावर फट्-फट् करत जाणारी पत्र्याची बोट पण दाखवा, एक तरी. आतल्या नळीतलं पाणी तापून वाफ होते, वाफ पाण्याला मागे जोरात फेकते, मग थंड होऊन पाणी परत आत ओढते. चांगला प्रश्न असा की ढकलते तितकंच ओढते तर बोट जागच्या जागी का राहत नाही? फेकताना पाणी एका धारेत मागे जातं, ओढताना ते चारी बाजूंनी येतं. तोंडाने फुंकर मारून मेणबत्ती विझते, पण श्वास आत ओढून विझवून दाखवा म्हणा, लगेच पटतं. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असताना अरविंद गुप्तांनी टाकाऊतून अशी खेळणी करायला खूप लोकांना शिकवलं, मीही तसाच शिकलो. दिवा मात्र तुम्हीच लावा, आणि ओढणी-केस बांधलेले हवेत.

मोटर लावायची हौस आठवीत टाळा असंच मी सांगेन. पाण्याखालचा पंखा म्हणजे बुडाला भोक, भोक म्हणजे गळती, आणि सगळा वेळ गळती बंद करण्यात जातो. फारच आग्रह असेल तर पंखा वर हवेत लावा. आणि ९ व्होल्टची बॅटरी ४५ ग्रॅमच्या आसपास असते, ती उंचावर ठेवली की परत माझी झेंडेवाली होडी.

वेळेचं म्हणाल तर दोन तासिका जोडून घ्या, एकेकटी ३५ मिनिटं पाणी भरण्यातच जातात. एक जोडतास फॉइलला, एक टेट्रापॅकला, किनारा असेल तर एक शनिवार. गटात एकजण फक्त लिहिणारा, एकजण फक्त पुसणारा (हसू नका, फरशी ओली राहिली आणि कोणी पडलं तर पुढच्या वर्षी परवानगी नाही). मार्क मी जास्त वजनाला देत नाही. दहापैकी चार अंदाज आणि निकाल किती जवळ आले त्याला, चार फरक का पडला ते लिहिल्याला, दोन दुसऱ्या प्रयत्नात काय बदललं त्याला. असं केल्यावर घरून होड्या येणं बंद झालं, कारण मामाला रेघ कुठे मारायची ते माहीत नसतं.

आणि वॉशर वापरून झाले की लगेच पुसून उन्हात वाळवा, आमच्या खाऱ्या हवेत आठ दिवसांत गंजतात आणि पुढच्या वर्षी दहा वॉशरचं वजन वेगळं येतं. मी खोबरेल तेलाचा हात फिरवून बरणीत ठेवतो. फक्त त्या हाताने कापराच्या परातीला शिवू नका.